चिठ्ठ्या लावलेलं पुस्तक

त्या शनिवारी मी वकिलासारखी तयारी करून गेले होते. मिशनच्या शाळेत ग्रंथपाल म्हटल्यावर पालकांच्या तक्रारी नव्या नाहीत; पण पाळकसाहेब, मुख्याध्यापिका आणि आठ-दहा पालक एका पुस्तकासाठी वाचनालयात जमले, असं आधी कधी झालं नव्हतं. पुस्तक म्हणजे स्टेफनी मेयर यांचं २००५ सालचं 'ट्वायलाइट', एका मुलीची आणि व्हॅम्पायरची, म्हणजे रक्त पिणाऱ्या अमानवी मुलाची, प्रेमकथा. नववीच्या मुलींनी वाचून वाचून त्याची शिवण उसवली होती, मी दोनदा डिंक लावला होता.

माझे मुद्दे पाठ होते. पुस्तकाच्या आरंभीच बायबलच्या 'उत्पत्ती'तलं वचन छापलंय, दुसऱ्या अध्यायातलं सतरावं, निषिद्ध फळाचं. मुखपृष्ठावर म्हणूनच ओंजळीत सफरचंद. नायकाचं कुटुंब माणसाच्या नव्हे, जनावरांच्या रक्तावर जगतं. त्यातले डॉक्टर एका अँग्लिकन पाळकाचे चिरंजीव, बापाने कोरलेला लाकडी क्रूस अजून घरात टांगलेला. आणि मालिकेच्या चौथ्या भागात लग्न लागेपर्यंत नायक मर्यादा सोडत नाही. याहून सोवळं काय हवं?

"हेच तर!" एक वडील उसळले. "१८९७च्या 'ड्रॅक्युला' कादंबरीत क्रूस दाखवला की तो व्हॅम्पायर निदान मागे तरी सरायचा. इथे क्रूस नुसता भिंतीची शोभा." दुसऱ्यांनी बायबलातल्या 'लेवीय'चा सतरावा अध्याय उघडला, रक्त खाण्याच्या मनाईचा. तिसरे म्हणाले, भुताच्या गोष्टी आपणही वाचल्या, कोणाचा विश्वास ढळला? लेखिका मॉर्मन पंथाची आहे, यावर दहा मिनिटं गेली. २००९ साली अमेरिकेतल्या ग्रंथालयांत सर्वाधिक आक्षेप आलेल्या दहा नावांत ही मालिका होती, हे मी सांगितलं आणि लगेच जीभ चावली. ते विरुद्ध बाजूलाच कामी आलं.

जिचा तक्रारअर्ज होता ती आई मात्र गप्प होती. पाळकसाहेबांनी विचारलं तेव्हा तिने पिशवीतून आमचीच प्रत काढली. वहीचा कागद कापून केलेल्या चिठ्ठ्या पानांतून डोकावत होत्या.

"रक्ताचं मला काही नाही, पाळकसाहेब. व्हॅम्पायर नसतात, हे माझ्या मुलीला कळतं. पण हा मुलगा बघा. रोज रात्री नायिकेला न सांगता तिच्या खोलीत येतो, ती झोपलेली असताना बघत बसतो. तिला कळतं तेव्हा ती घाबरत नाही, लाजते. माझी लेक म्हणाली, मम्मी, किती गोड! तिसऱ्या भागात तर तिने मित्राकडे जाऊ नये म्हणून तो तिच्या गाडीच्या इंजिनाचा भाग काढून ठेवतो. हा तुमच्या-आमच्या गल्लीतला असता तर आपण पोलिसांत गेलो नसतो?"

लेवीय उघडून बसलेल्यांनी शास्त्र मिटलं. मी माझा कागद वहीत सारला. त्यावर नुसती त्या मुलाच्या सज्जनपणाची प्रमाणपत्रं होती. आणि खरं सांगायचं तर ती खोली, ती खिडकी मीही वाचली होती, आणि मलाही गोडच वाटलं होतं.

मग पुस्तक काढायचं का, असं मुख्याध्यापिकांनी विचारलं, तर तीच नको म्हणाली. काढलं तर मोबाइलवर वाचतील, आणि तिथे मला चिठ्ठ्या लावता येणार नाहीत. शेवटी आठवीपर्यंत द्यायचं नाही, नववीपासून पालकांच्या सहीने द्यायचं, असं ठरलं. पहिली सही पाळकसाहेबांची झाली. त्यांना स्वतःलाच वाचायचं होतं.

चिठ्ठ्या तशाच राहिल्या. वर्षअखेरीच्या पुस्तक-तपासणीत सहज चाळलं, तर खोलीच्या प्रसंगापाशी त्या आईने पेन्सिलीने लिहिलेलं दिसलं, 'इथे तू असतीस तर?' खाली गिचमिड अक्षरात, भलत्याच कोणाच्या निळ्या शाईत, उत्तर होतं: 'खिडकीला कडी लावली असती. पण तो दिसायला कसा आहे त्यावर.'