टाटा ६९७ इंजिनासाठी कॅमशाफ्टची निवड : नोंद सहावी

इंदूरच्या देवास नाक्याच्या शेडमध्ये आमच्या टाटा १२१० ट्रकचे इंजिन उघडून तीन आठवडे झाले. सहा सिलिंडर, ९७ मिमी बोअर (सिलिंडरचा व्यास), १२८ मिमी स्ट्रोक (पिस्टनची चाल) आणि ५६७५ सीसी क्षमतेचे हे इंजिन खोलण्याचे कारण चौथ्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, म्हणजे जळलेला वायू बाहेर सोडणारी झडप, हे होते. त्याचे क्लिअरन्स (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या भागातली फट) दोनदा बसवूनही वाढत होते आणि हवा आत घेणाऱ्या इनटेकमधून बारीक फटफट ऐकू येत होती, कारण जळलेल्या वायूला एक्झॉस्टची वाट पुरती मिळाली नाही, तर इनटेक व्हॉल्व्ह उघडताच तो तिकडून उलटा येतो.

व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट काढल्यावर त्याच्यावरच्या प्रत्येक लोबचे (उंचवट्याचे) टोकावरचे आणि त्याच्या काटकोनातले अशी दोन मापे मायक्रोमीटरने घेतली; त्यांतील फरक म्हणजे लोबची उचल. पाच एक्झॉस्ट लोबांची उचल एकमेकींपासून ०.०५ मिमीच्या आत होती, चौथ्याची १.४ मिमीने कमी भरली. त्याच्या टॅपेटच्या, म्हणजे लोबावर टेकून वर-खाली होणाऱ्या भागाच्या, तळाशी मधोमध खळगा पडला होता आणि बोट फिरवले की त्याचा काठ स्पष्ट लागत होता.

जुना शाफ्ट ग्राइंड करून घेणे सर्वांत स्वस्त पडले असते. पण इतका झिजलेला लोब पुन्हा आकारात आणायचा म्हणजे लोबाचा उंचवटा नसलेला गोल भाग, म्हणजे मूळ वर्तुळही लहान करावे लागते, टॅपेटची हालचाल व्हॉल्व्हकडे नेणारे पुशरॉड तोकडे पडतात आणि लोबावरचा कठीण थर कितपत उरला हे डोळ्यांनी कळत नाही. ट्रान्सपोर्ट नगरात एकाने व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवणारा ‘तेज’ कॅम सुचवला, तोही नाकारला. असा कॅम वरच्या आरपीएमला (इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांना) उपयोगी पडतो. भेरूघाट चढताना आम्हांला खालच्या आरपीएमची ओढ हवी आहे. शिवाय डिझेलमध्ये पिस्टन व्हॉल्व्हच्या अगदी जवळ येतो, त्यामुळे व्हॉल्व्ह अधिक उघडा ठेवण्याचा प्रयोग धोक्याचा आहे.

म्हणून मूळ प्रोफाइलचा (लोबांच्या मूळ आकाराचा), चिल्ड कास्ट आयर्नचा, म्हणजे झपाट्याने थंड करून पृष्ठभाग कठीण केलेल्या बिडाचा नवा शाफ्ट आणि उत्पादकाने त्याच्याच जोडीला सांगितलेले बारा टॅपेट घेतले. नव्या कॅमवर जुने टॅपेट बसवणे ही माझ्या मते या कामातली सर्वांत महागडी काटकसर आहे. लोबाला किंचित उतार आणि टॅपेटच्या तळाला किंचित फुगवटा असतो, त्यामुळेच टॅपेट चालताना स्वतःभोवती फिरतो आणि झीज एका जागी होत नाही. हा फुगवटा तपासण्यासाठी दोन टॅपेट तळाला तळ लावून उजेडासमोर धरले. ते मध्यभागी टेकून हलकेच डुलले आणि कडेला उजेडाची रेघ दिसली.

लोबांना मॉलिब्डेनमची पेस्ट लावून, गिअरवरच्या खुणा जुळवून शाफ्ट बसवला. टॅपेट फिरतो तसा पुशरॉडही फिरतो, म्हणून मग प्रत्येक पुशरॉडवर पांढऱ्या रंगाचा ठिपका देऊन क्रँक (इंजिनाचा मुख्य दांडा) हाताने फिरवला; कॅमच्या एका फेऱ्याला क्रँकचे दोन फेरे लागतात, म्हणून बरेच फेरे द्यावे लागले. अकरा ठिपके हळूहळू सरकले, दुसऱ्या सिलिंडरचा इनटेकचा ठिपका जागचा हलेना. तो टॅपेट बाहेर काढला, तर तो बसतो त्या भोकात जुन्या तेलाचा चिवट थर राहिला होता. डिझेलने धुऊन, मऊ कापडाने पुसून पुन्हा बसवल्यावर चौथ्या फेऱ्याला तोही ठिपका सरकला, तेव्हाच बाजूचे झाकण बंद केले.