84 सभासदांची पार्किंगची सोडत

सोडतीचं काम आमच्याकडे आलं ते आधीच्या सभेत भांडण झाल्यावर. विक्रोळीतली एक जुनी वसाहत पाडून तिथे टॉवर उभा राहिला होता. सभासद 84 आणि पार्किंगच्या जागाही 84. मग वाद कसला, असं कुणालाही वाटेल. पण काही जागा पोडियमवर, म्हणजे टॉवरखालच्या पार्किंगच्या मजल्यावर, ऐसपैस, तर काही स्टॅकच्या, म्हणजे गाड्या एकावर एक ठेवायच्या सांगाड्याच्या, वरच्या मजल्यावर, जिथे खालची गाडी काढल्याशिवाय आपली उतरत नाही. सकाळी आठला ऑफिस गाठायचं असलेल्या माणसाला हा फरक रोज सोसायचा असतो.

त्या सभेचा मोबाइलवर काढलेला व्हिडिओ सेक्रेटरींनी दाखवला. पडद्यावर आकडा सेकंदभर फिरायचा आणि थांबायचा. तो आधी निघून गेलेला असेल तर पुन्हा फिरायचा. सुरुवातीला सगळं झरझर चाललं. निम्म्या जागा वाटून झाल्यावर जवळपास दर दुसरा आकडा बाद व्हायला लागला आणि शेवटची दोन-चार नावं उरली तेव्हा पडदा नुसता गरगरत राहिला. मागून कुणीतरी ओरडलं, "हे मशीन कुणाची तरी वाट बघतंय!" झालं, सभा तिथेच उधळली.

गणित मांडलं की हे असंच होणार हे दिसतं. 84 पैकी एकच आकडा उरला असेल तर तो हाती लागायला सरासरी 84 वेळा चाक फिरवावं लागतं. सगळे 84 काढायला सरासरी 421 वेळा. एरवी कॉम्प्युटरला हे काहीच नाही, पण इथे प्रत्येक फेरीला पडद्यावरचा एक सेकंद जात होता. त्या प्रोग्राममध्ये लबाडी नव्हती. आलेला आकडा टाकून पुन्हा काढला तरी उरलेल्या प्रत्येकाला समान संधी असते. हे मी कमिटीसमोर ठामपणे सांगितलं, कारण ज्यांनी तो बनवला त्यांच्यावर नाहक आळ आला होता.

माझ्या हाताखालच्या मुलाने त्याच दिवशी नवा प्रोग्राम लिहून आणला. 1 ते 84 ची यादी घ्यायची, पहिल्या जागेपासून शेवटपर्यंत जायचं आणि प्रत्येक जागेवरच्या आकड्याची यादीतल्या कुठल्याही आकड्याशी अदलाबदल करायची. "मॅडम, आता एकही आकडा दुसऱ्यांदा येणार नाही," तो म्हणाला. ते बरोबरच होतं. तरीही सोडत चुकीची होती.

मी कागदावर तीनच आकडे घेतले. तीन जागा, प्रत्येक ठिकाणी तीन पर्याय, म्हणजे 27 वाटा. तीन आकड्यांचे क्रम मात्र सहाच. 27 ला सहाने भाग जात नाही, म्हणून काही क्रमांच्या वाट्याला पाच वाटा येतात आणि काहींच्या चार. सगळ्या वाटा लिहून काढल्यावर तो मुलगा बराच वेळ कागदाकडे बघत बसला. दुरुस्ती एवढीशीच: अदलाबदल पूर्ण यादीशी नाही, अजून न लागलेल्या आकड्यांशीच करायची. मग वाटा तीन गुणिले दोन गुणिले एक, म्हणजे नेमक्या सहा. रोनाल्ड फिशर आणि फ्रँक येट्स या संख्याशास्त्रज्ञांनी ही पद्धत 1938 मध्ये कागद-पेन्सिलीसाठी दिली, रिचर्ड डर्स्टनफेल्डने 1964 मध्ये ती कॉम्प्युटरसाठी मांडली. पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेतलं शफल हे तयार फंक्शन आतून हेच करतं. त्यामुळे हाताने लिहिण्याचा हट्ट सोडला आणि तेच वापरलं.

खरा पेच पुढे होता, बीजाचा. कॉम्प्युटर आकडे काढतो ते एका सुरुवातीच्या संख्येवरून. तेच बीज दिलं की तोच क्रम पुन्हा मिळतो. हे मला हवंच होतं, कारण मग निकाल कुणालाही आपल्या घरी पडताळता येतो. पण बीज आम्ही ठरवलं तर लोकांनी आमच्यावर विश्वास का ठेवावा? त्यात 84 आकड्यांचे क्रम इतके आहेत की ती संख्या 127 अंकी होते. सहा अंकी बीज घेतलं तर त्यातले फार तर दहा लाख क्रम निघू शकतात, बाकीच्यांना संधीच नाही.

म्हणून ठरवलं की प्रत्येक सभासदाने दोन अंक सांगायचे आणि फ्लॅट नंबरच्या क्रमाने ते जोडून 168 अंकी बीज करायचं. तयारीच्या बैठकीत बँकेतून निवृत्त झालेले एक काका उठले. "अहो ताई, शेवटचा माणूस बाकीच्यांचे अंक ऐकून आपले ठरवेल की! लॅपटॉप घेऊन बसला तर शंभर जोड्या तपासायला कितीसा वेळ लागतो?" अगदी नेमका मुद्दा होता. त्यांच्याच सांगण्यावरून अंक चिठ्ठीवर लिहून, घडी घालून, आधी पेटीत टाकायचं ठरलं. शेवटची चिठ्ठी पडेपर्यंत पेटी उघडायची नाही.

रविवारच्या सभेत चिठ्ठ्या उघडून अंक मोठ्याने वाचले, पडद्यावर टाइप केले आणि प्रत्येकाने आपापली जोडी बघून घेतली. दोघांचे अंक उलटे टाइप झाले होते, ते तिथल्या तिथे सुधारले. क्रम लागायला क्षणही गेला नाही. जागा एकेक करून वाचून दाखवायला मात्र बराच वेळ गेला, आणि त्या वेळात कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलीने तेच बीज घालून आपल्या लॅपटॉपवर प्रोग्राम चालवला. तिची यादी शेवटच्या नावापर्यंत जुळली. स्टॅकच्या वर जागा लागलेले एक गृहस्थ तिच्यामागे उभे राहून ओळ न् ओळ तपासत होते. नाराज होते, पण त्यांनी सही केली.

नोटीस बोर्डावर निकालासोबत बीज, सभासदांची यादी, पूर्ण प्रोग्राम आणि पायथॉनची आवृत्ती लावायला मी सांगितलं. आवृत्तीबद्दल सेक्रेटरींनी विचारलंच. आवृत्ती बदलली तर त्याच बीजातून वेगळा क्रम निघू शकतो, आणि पुढच्या वर्षी कुणी पडताळायला बसला तर पुन्हा भांडण नको.