बटरनट कोहळं घरी भाजताना

पुण्याकडे कोहळा म्हटलं की पेठ्याचा, पांढरा. आपल्याकडे वऱ्हाडात कोहळं म्हणजे लाल भोपळा, ज्याची बाकर भाजी आणि गुळाची तळलेली बोंडं होतात. बटरनट हे त्याचंच भावंड. कुकुर्बिटा मोस्काटा ही दोघांची जात एकच. फरक एवढाच की बटरनटची मान लांब आणि भरीव असते, बिया फक्त खालच्या फुगीर भागात असतात आणि गर जास्त घट्ट, कमी रेषांचा. म्हणून ते रश्श्यात घालण्यापेक्षा भाजून जास्त चांगलं लागतं.

भाजणं म्हणजे मुळात पाणी घालवणं. फळ कच्चं असेल तर पुढचं सगळं वाया जातं, म्हणून सुरुवात वेलावरच करायची. साल एकसारखी फिकट बदामी झालेली हवी, हिरव्या रेघा नकोत. नख रुतत नसेल आणि देठ वाळून लाकडासारखा झाला असेल तर तोडा, दोन-तीन इंच देठ ठेवूनच. तोडल्यावर दहा-पंधरा दिवस सावलीत, हवेशीर जागी, एकमेकांना न टेकवता ठेवायचं. तेवढ्यात साल कडक होते, थोडं पाणी उडतं आणि पुढे महिनाभरात पिठूळपणा कमी होऊन गोडी चढते. अख्खं फळ फ्रिजमध्ये मात्र ठेवू नका. १० अंशांखाली ते आतून बिघडतं.

कापताना विळीवर अख्खं धरू नये, गोल भाग निसटतो. दोन्ही टोकं सेंटिमीटरभर उडवा, मान आणि पोट वेगळं करा, मग सपाट बाजूवर उभं करून सोला. हाताला आधी तेल लावा, नाहीतर चीक वाळून बोटांवर पातळ पापुद्रा धरतो आणि साबणानं लवकर जात नाही. सोलल्यावर कच्च्या गराचा कपटा जिभेला लावून बघा. कडू लागला तर थुंका आणि अख्खं फळ फेका. तो कडूपणा भाजून जात नाही, उलट्या-जुलाब होतात.

एक किलोच्या फळातून साधारण ७५० ग्रॅम गर निघतो. एक-एक इंचाच्या फोडी, दीड टेबलस्पून शेंगदाणा तेल, अर्धा चमचा तिखट. मीठ पाऊण चमचा, पण ट्रे आत सरकवायच्या क्षणी. आधी लावून ठेवलं तर फोडींना पाणी सुटतं आणि त्या स्वतःच्याच पाण्यात शिजतात. ओटीजी (विजेची छोटी भट्टी) २०० अंशांवर, वर-खाली दोन्ही रॉड सुरू, रिकामा ट्रे आतच तापलेला. फोडींमध्ये बोटभर जागा हवी. ३० लिटरच्या ओटीजीच्या ट्रेवर अर्धा किलोच्या वर घालू नका, उरलेल्या दुसऱ्या खेपेला. दाटीवाटी केली की वाफ कोंडते आणि फोडी पिवळ्या, लिबलिबीत उतरतात, मग वेळ कितीही वाढवा. पंधरा-अठरा मिनिटांनी एकदाच उलटा, एकूण तीस-पस्तीस मिनिटं. कडा तपकिरी झाल्या पाहिजेत.

सोलायचा कंटाळा असेल तर उभे दोन भाग करून बिया काढा, तेल लावून कापलेली बाजू खाली ठेवून चाळीस मिनिटं भाजा आणि शेवटची दहा-पंधरा मिनिटं उताणे करा. शेवटचं उताणं करणं बरेच जण विसरतात, आणि गर ओला राहिल्याचा दोष फळाला देतात.

आता व्होल्टेज. पाककृतीत लिहिलेले मिनिटं गावात का जुळत नाहीत, त्याचं उत्तर बहुतेक वेळा इथंच असतं. रॉडची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. २३० वर १५०० वॅट देणारा ओटीजी १८० वर जेमतेम ९२० वॅट देतो. पंप आणि चक्की सुरू असताना व्होल्टेज पडतं, तेव्हा रिकामा ओटीजी कसाबसा २०० अंश गाठतो, पण ओल्या फोडी आत गेल्या की तापमान पडतं आणि लवकर सावरत नाही. त्यामुळे दहा मिनिटं मोजून ट्रे आत घालू नका. ओटीजीवरचा दिवा विझून पुन्हा लागेपर्यंत थांबा, माल निम्मा घाला आणि दार उगाच उघडू नका. प्लग १६ अँपिअरचाच हवा, पंख्याच्या सॉकेटवर चालवाल तर तो तापून वितळू शकतो. मध्येच लाइन गेली तर दहा मिनिटं दार बंदच ठेवा. आली नाही तर फोडी जाड तव्यावर एका थरात, झाकण न ठेवता, मध्यम आचेवर संपवा.

खरं तर रोडग्यांचा (गोवऱ्यांच्या आचेवर भाजलेल्या कणकेच्या जाड गोळ्यांचा) दिवस असेल तर ओटीजीची गरजच नाही. रोडगे निघाले की गोवऱ्यांचे निखारे आणि गरम राख उरते, ती आच कोहळ्याला अगदी बेताची. ज्वाळ असताना घालू नका, साल जळते आणि मान कच्ची राहते. किलोभराचं अख्खं फळ घ्या. पोटाकडे सुरीचं टोक बियांच्या पोकळीपर्यंत जाईल असे चार भोसके पाडा, नाहीतर वाफेनं फुटून राखेत गर सांडतो. मान निखाऱ्यांच्या मधोमध, पोट कडेला, कारण भरीव मान सगळ्यात उशिरा शिजते. वरून राख ओढून पन्नास-साठ मिनिटं, मध्ये दोनदा पाव-पाव फिरवायचं. तुराटीची काडी मानेतून आरपार विनासायास गेली की झालं. बाहेर काढून पाव तास राहू द्या, कापा, काळी साल काढा. अख्खं भाजल्यानं पाणी आतच राहतं, म्हणून गर स्वच्छ फडक्यात अर्धा तास टांगायचा.

या गराचं लसूण-हिरवी मिरची ठेचून भरीत करा, वर जवसाची चटणी. बोंडांना तर हा गर उकडलेल्यापेक्षा फार सरस. २५० ग्रॅम गर गरम असतानाच त्यात १२५ ग्रॅम गूळ विरघळवा, निवल्यावर मावेल तशी दोनशे ग्रॅमच्या आसपास कणीक, चमचाभर खसखस, चिमूट मीठ. पीठ चमच्यावरून जड, सावकाश पडलं पाहिजे. सैल झालं तर बोंडं तेल पितात. आच मंदच ठेवा. गुळामुळे बाहेरून लवकर काळी होतात आणि आत कच्ची राहतात.

बिया धुऊन, पूर्ण वाळवून, १५० अंशांवर पंधरा-वीस मिनिटं. पेरायला ठेवणार असाल तर भाजू नका, हे सांगायला नको. पण शेजारी देशी कोहळ्याचा वेल असेल तर मधमाश्या परागांची सरमिसळ करतात आणि पुढच्या वर्षी बटरनटच येईल याचा भरवसा नाही.