ट्रकवाले भाऊ आणि 'अच्छेव'

डिचोलीच्या एका वाचनालयात मी पुस्तकांच्या देवघेवीवर बसते. "गोवा दिसेल अशी कादंबरी द्या" ही मागणी नेहमीची. बहुतेकांना समुद्र आणि फेणी हवी असते, ते तोंडावरूनच कळतं. परवा आलेल्या मॅडम मात्र वेगळ्या निघाल्या. साताऱ्याहून इथल्या बँकेत बदलून आलेल्या. महाबळेश्वर सैल यांची 'तांडव' पुढे केली, तर म्हणाल्या, "हा इन्क्विझिशनचा, पोर्तुगीजांच्या धर्मछळाचा काळ झाला. मी रोज ज्या रस्त्याने जाते, तो गोवा पाहिजे."

मग पुंडलीक नायकांची 'अच्छेव' काढली. १९७७ ची कोंकणी कादंबरी, पण देवनागरीत. मराठी वाचणारा पहिली काही पानं अडखळतो, पुढे सरावतो. गावात खाण येते, शेतकरी घरातली माणसं शेत सोडून तिकडे वळतात आणि घर, गाव दोन्ही उसवत जातात, असं मी सांगत होते. शेजारी पेपर वाचणाऱ्या भाऊंनी मान वर केली.

"कोणें बरयलां?"

"वळवईचे आहेत लेखक."

"म्हणजे न्हंयच्या पलतडचे!" नदीच्या पलीकडचे, आमच्या समोरच्या काठावरचे.

भाऊ खाणीवरून सारमानसच्या जेटीवर खनिज वाहायचे. तिथून ते बार्जने मुरगाव बंदरात जाई. २०१८ साली सुप्रीम कोर्टाने ८८ खाणपट्टे रद्द केले आणि त्यांचा ट्रक दारात उभा राहिला. त्यांनी पुस्तक ओढून घेतलं, ओळीखाली बोट ठेवत पुटपुटत चार पानं वाचली आणि मॅडमना सांगू लागले. पावसात खाणीवरची माती ओहोळातून खाली येऊन भातशेतात कशी बसायची, वाळली की टणक कशी व्हायची, रोप कसं धरायचं नाही. मॅडम उभ्याच.

मधेच भाऊ माझ्याकडे वळले. "पूण बाय, पोरांची शाळा, घराचो स्लॅब, सगळें त्याच ट्रकाचेर जालें. तें हातूंत आसा?"

पुस्तकात तेही आहे, असं मला वाटतं. पैशाची ओढ दाखवल्याशिवाय ही गोष्ट उभीच राहिली नसती. तसं म्हटलं. त्यांना पटलं नाही. "वाचून पळयतां," म्हणाले, म्हणजे वाचून बघतो.

प्रत एकच; ती मॅडमनी नेली. एवढी वर्षं फुकट पेपर वाचणाऱ्या भाऊंनी त्याच दिवशी सभासदत्वाचा फॉर्म भरला. आता रोज पेपर उघडायच्या आधी विचारतात, "आयलें पुस्तक?"