शेठजींचा तंबोरा

रियाज किती झालाय ते तंबोऱ्याची घोडी सांगते, म्हणजे भोपळ्यावरची, तारा जिच्यावरून जातात ती पट्टी. छेडलेली तार घोडीच्या माथ्याला घासते आणि वर्षानुवर्षं घासून खाली चर पाडते. हल्ली मोबाइलवर तंबोरा लावून गाणाऱ्यांच्या घोड्या दहा वर्षांनीही कोऱ्या असतात. दुरुस्तीला आलेल्या या हळदीच्या व्यापाऱ्याच्या तंबोऱ्याच्या घोडीला चार तारांखाली नख अडकेल एवढे चर होते. तंतुवाद्यं घडवणाऱ्या मिरजेतही असं काम रोज येत नाही.

शेठ 26 वर्षं एका नावाजलेल्या गवयांकडे शिकले. पहाटे खर्जाचा, खालच्या सुरांचा रियाज, मग पेढी. गुरुजी गेले, तंबोरा यांच्याकडे आला. म्हणाले, "जवारी काढा, पण गुरुजींचा आवाज जाऊ देऊ नका."

जवारी म्हणजे घोडीच्या माथ्याला दांडीच्या बाजूनं दिलेला केसाएवढा उतार. तारा सैल करून बाजूला सारायच्या, कानशीचे दोन हात मारायचे, काचपेपर फिरवायचा, तारा पुन्हा चढवून सुरात आणायच्या, ऐकायचं. असं आठ-दहा वेळा. उतार जरा चुकला तर तार खडखडते, माथा फार गोल झाला तर आवाज बंद, म्हणजे दबका होतो. यांचे चर इतके खोल, की ते जाईपर्यंत घासलं असतं तर घोडी बसकी होऊन तारा खाली आल्या असत्या. म्हणून जुनी जपून ठेवली आणि फायबरची नवी बसवली. घोडीसाठी सांबरशिंग मिळायचं बंद झाल्यापासून दुसरं करणार काय!

घोडीवर तारेखाली घातलेला सुती दोरा सरकवला तसा खर्जाच्या पितळी तारेतून गंधार सुटला, खर्जाच्या पाचपट कंपनांवरचा, स्वच्छ. अशी जवारी माझ्या हातून वर्षातून एखादीच लागते.

शेठनी डोळे मिटून ऐकलं. "फार ओरडतोय हो."

दोरा मागेपुढे केला, तरी मान हलेना. मग उलगडा झाला. गुरुजींनी शेवटची कित्येक वर्षं जवारी काढून घेतलीच नव्हती. शेठच्या कानात बसला होता तो झिजलेल्या घोडीचा, अर्धा मिटलेला आवाज. गुरुजींना तसाच हवा होता, की मिरजेला येणं जमलं नाही, कोण सांगणार?

कानस उचलली. चांगला लागलेला माथा मुद्दाम गोल केला, आवाज थोडा बंद होईपर्यंत. गंधार मागे सरला. शेठनी लगेच सा लावला.

जुनी घोडी कागदात बांधून दिली. मजुरी एकाच जवारीची घेतली. दुसऱ्या कामाला काय म्हणायचं ते सुचलं नाही.