तुम्ही विचारलंत म्हणून : पंधरा वर्षांची जिप्सी लेहला जाईल का?

‘गाडी २००९ची आहे, ८० हजार किमी झालेत, लेहला न्यावी का?’ उन्हाळा तोंडावर आला की हा प्रश्न येतोच. न्या की! फक्त त्या ८० हजारांवर विसंबू नका. जुन्या गाडीत मीटरवरचा आकडा सगळ्यात कमी उपयोगाचा.

जिप्सीचं लोखंड चिवट. १९८५ साली आलेली ही गाडी तीसहून अधिक वर्षं त्याच बांध्यात निघत राहिली: शिडीसारखी चासी (खालचा सांगाडा), पुढे-मागे अखंड ॲक्सल (डावं-उजवं चाक जोडणारा आस), चारही चाकांना स्प्रिंगचे पाटे. ते सहजी मोडत नाही. मोडतं ते रबर. होसपाइप, ऑइल सील (तेल अडवणाऱ्या रबरी कड्या), बुश (सांध्यांतले रबरी तुकडे), इंजिनाची माउंटिंग, ब्रेकचे लवचिक पाइप यांचं वय वर्षांत मोजायचं. रविवारी फक्त दुकानापर्यंत जाणारी गाडी रोज पळणाऱ्या गाडीपेक्षा लवकर दगा देते. उभ्या गाडीत सील सुकतात, टाकीला आतून गंज धरतो, ब्रेकचे पिस्टन चिकटून बसतात. तेव्हा आधी एक वही करा आणि प्रत्येक रबरी वस्तू शेवटची कधी बदलली ते लिहा. तारीख सापडत नसेल तर ती कधीच बदललेली नाही असं धरा.

सुरुवात रेडिएटरच्या झाकणापासून करा, कारण ते स्वस्त आहे आणि कुणी बघत नाही. लेहजवळची खारदुंग ला खिंड ५,३५९ मीटर उंचीवर आहे. तिथे उघड्या भांड्यातलं पाणी ८२-८३ अंशांनाच उकळतं, म्हणजे थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप) उघडण्याच्या जवळपास. इंजिनातलं पाणी तिथे उकळत नाही ते झाकणाने धरून ठेवलेल्या दाबामुळे. झाकणाची स्प्रिंग किंवा रबर मेलं असेल तर पुण्यात काहीच कळत नाही, मनालीच्या वर गेल्यावर काटा चढतो आणि सगळे रेडिएटरला दोष देतात. झाकण नवीन घ्या, त्यावर छापलेला दाबाचा आकडा जुन्याइतकाच असू द्या. वरचा-खालचा होस, हीटरचे दोन्ही होस आणि क्लिपा एकदमच बदला. कूलंट निम्मं आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं. नुसतं नळाचं पाणी असेल तर मनाली-लेह रस्त्यावरच्या सरचूच्या रात्री गोठून ब्लॉक तडकू शकतो.

पुढचा ॲक्सल हा जिप्सीचा खरा विषय. चाक ज्या गोलकाभोवती वळतं त्याच्या वर-खाली किंगपिनचे, म्हणजे चाक ज्यावर वळतं त्या खिळांचे, टेपर बेअरिंग असतात आणि आत ॲक्सलचा ऑइल सील. सील गेला की डिफरन्शियलचं (वळणावर दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरांच्या पेटीचं) तेल गोलकात उतरतं, आतलं ग्रीस पातळ होतं आणि गोलकाखाली काळं ओघळ दिसायला लागतं. बेअरिंग झिजले की साठ-सत्तरच्या वेगात एखादा खड्डा लागताच स्टिअरिंग थडथडायला लागतं आणि गाडी जवळपास थांबवल्याशिवाय ते थांबत नाही. यावर गॅरेजवाले स्टिअरिंग डॅम्पर (स्टिअरिंगचे हादरे शोषणारा दांडा) बदलून देतात. थडथड दोन महिने लपते, बेअरिंग झिजतच राहतं.

निदान घरी होतं. चाक जॅकवर उचला, घोडी लावा, वर आणि खाली धरून हलवा. प्ले (ढिलेपणा) जाणवला तर कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर तो चाकाच्या बेअरिंगचा, तसाच राहिला तर किंगपिनचा. डावीकडे-उजवीकडे धरून हलवल्यावर खडखडलं तर टाय रॉडचे (पुढची दोन्ही चाकं जोडणाऱ्या स्टिअरिंगच्या दांड्याचे) एंड तपासा. किंगपिन बदलायचेच असतील तर त्याच वेळी आतले सील, बाहेरचे फेल्टचे सील आणि चाकाचे बेअरिंगही घालून घ्या. मजुरी एकाच उघडण्याची लागते. किंगपिनचा ताण शिम (पातळ चकत्या) घालून जुळवतात आणि स्प्रिंग काट्याने नकल (चाकासोबत वळणारा भाग) ओढून मॅन्युअलमधल्या आकड्याशी पडताळतात. ‘हाताला बरोबर लागतंय’ म्हणणारा मिस्त्री इथे चालत नाही.

तेलं. गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणारी पेटी), पुढचं डिफ (डिफरन्शियल) आणि मागचं डिफ असे चार वेगळे डबे आहेत. बऱ्याच गाड्यांत पुढचं डिफ वर्षानुवर्षं उघडलेलंच नसतं. आधी भरायचं बूच सैल करा, मग खालचं सोडा. उलट केलंत आणि वरचं बूच जाम निघालं, तर तेल जमिनीवर आणि गाडी जागेवर. निघालेलं तेल ताकासारखं पांढरट असेल तर पाणी शिरलंय. तापलेला ॲक्सल थंड ओढ्यात उतरला की आतली हवा आकसते, आणि ब्रीदर (ॲक्सलची हवा आत-बाहेर जाण्याचं तोंड) चिखलाने बुजलेला असेल तर सीलच्या कडेतून पाणी ओढलं जातं. ब्रीदरला नळी जोडून ती बॉनेटखाली उंचावर बांधा. डिफला जीएल-५ दर्जाचं गिअर ऑइल लागतं. गिअरबॉक्समध्ये तेच सर्रास ओतू नका. जीएल-५मधली रसायनं पितळी सिंक्रो रिंगांना (गिअर अलगद पडू देणाऱ्या कड्यांना) मानवतातच असं नाही, तिथे मॅन्युअल सांगेल तोच दर्जा.

ट्रान्सफर केस तीन रबरी माउंटिंगवर लटकलेला असतो. एक फाटलं की लोड घेताना दांडी हलते, गिअर निसटतो, ‘टक्’ आवाज येतो. तसाच आवाज प्रॉपशाफ्टच्या (ॲक्सलपर्यंत ताकद नेणाऱ्या फिरत्या दांड्याच्या) क्रॉसमधूनही (त्याच्या टोकाच्या सांध्यातूनही) येतो, म्हणून शाफ्ट हाताने पिळून आधी खात्री करा. शाफ्ट काढण्यापूर्वी सरकत्या जोडावर खडूने खूण करा. एक दाता चुकला तरी थरथर सुरू होते. आणि महिन्यातून एकदा मातीच्या रस्त्यावर दोन-तीन किमी फोर-हाय आणि फोर-लो (चारही चाकांना ताकद देणारे जलद आणि संथ गिअर) चालवा, नाहीतर ऐन वेळी दांडी हलणार नाही. कोरड्या डांबरावर मात्र नको. मध्ये डिफरन्शियल नसल्याने वळणावर पुढचा-मागचा ॲक्सल एकमेकांशी झगडतात.

ब्रेकचं तेल हवेतून ओलावा शोषतं. ताजं डॉट-४ दर्जाचं तेल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, ओलावा मुरल्यावर ती हद्द १५५वर येऊ शकते. तापल्या ब्रेकवर पेडल खाली बसतं ते यामुळे. दर दोन वर्षांनी पूर्ण बदला, आणि उतारावर ज्या गिअरमध्ये चढला असतात त्याच गिअरमध्ये उतरा.

टायमिंग बेल्टची (इंजिनाच्या झडपांची वेळ सांभाळणाऱ्या पट्ट्याची) तारीख माहीत नसेल तर बेल्ट, तो ताणून धरणारा टेन्शनर आणि कॅम-क्रँकचे सील एकत्र बदला. वॉटर पंप त्याच वेळी डगमगतोय का बघा.

जुन्या टाकीचा गाळ इथल्या गुळगुळीत रस्त्यावर तळाशी निजलेला असतो, खडबडीत रस्त्यावर तो उठतो आणि पंपाची जाळी बुजवतो. टाकी उतरवून धुवा, पेट्रोल फिल्टर बदला. ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलमुळे जुने पेट्रोलचे पाइप मऊ पडतात किंवा तडकतात, तेव्हा इथेनॉल चालणारेच घाला. बॅटरी रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट आणि इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ दाखवायला हवी. कमी दाखवत असेल तर अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारं यंत्र) उघडण्याआधी चासीची अर्थिंग घासून पुसून घट्ट करा. टायर छान दिसतात म्हणून सोडू नका. कडेवरचे शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष. सहा वर्षांपुढचा टायर लेहला नेऊ नये.

हे सगळं निघायच्या आदल्या आठवड्यात करू नका, ही चूक सगळ्यात जास्त होते. नव्या भागांतले दोष आणि मिस्त्रीने सैल ठेवलेले नट पहिल्या हजार किमीत बाहेर येतात. काम महिनाभर आधी संपवा, भरल्या गाडीने ताम्हिणी किंवा वरंधा घाट करून या. काढलेला फॅन बेल्ट, होस, क्लच आणि ॲक्सिलरेटरच्या केबली धड असतील तर फेकू नका, त्याच स्पेअर म्हणून न्या. बसतात हे आधीच सिद्ध झालेलं असतं. सोबत एक क्रॉस, पुढच्या चाकाचा बेअरिंग-सील सेट, पेट्रोल फिल्टर, फ्यूज, लिटरभर गिअर ऑइल, अर्धा लिटर ब्रेक ऑइल, एम-सील आणि बांधायची तार.

कागदांचं एकच. पंधरा वर्षं उलटलेल्या गाडीची पुनर्नोंदणी असेल तरच निघा, आणि दिल्ली-एनसीआरचे जुन्या गाड्यांचे नियम वेगळे असल्याने राजस्थान-पंजाबमार्गे जा.

मनाली-लेह रस्त्यावर टांडीच्या पेट्रोल पंपावरची पुढचा पंप ३६५ किमीवर असल्याची पाटी प्रसिद्ध आहे. जिप्सीची टाकी ४० लिटरची, भरली गाडी चढावर लिटरला नऊ-दहा किमी देते. हिशेब काठावरचा आहे, म्हणून दहा लिटरचा लोखंडी कॅन जवळ असू द्या. आणि त्याआधी मनालीत एक सकाळ गाडीला द्या. पुण्याहून तिथवर दोन हजार किमीच्या आसपास झालेले असतात, तेव्हा पाट्यांचे यू-बोल्ट, चाकांचे नट आणि प्रॉपशाफ्टचे फ्लँज बोल्ट पुन्हा आवळा. पुढच्या गोलकांवर बोट फिरवून बघा. बोट कोरडं आलं तर सील धड आहेत, लेहच्या दिशेने निघा.