टेन्शन आलं की करू ना, रोज कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. इंदूरच्या रामबागेतल्या माझ्या सकाळच्या ध्यानाच्या वर्गात, लग्नकार्यात, पोह्याच्या दुकानापाशीसुद्धा हाच प्रश्न येतो: "टेन्शन आलं की श्वासावर लक्ष ठेवू ना, सगळं ठीक असताना रोज कशाला बसायचं?" उभ्या उभ्या सांगून होईल असं हे उत्तर नाही.

वर्गाला एक काकू यायच्या. दोन-तीनदा आल्या, मग सुटलं. पुढे एका रात्री काकांना ॲडमिट करावं लागलं. आयसीयूबाहेरच्या बाकावर काकूंनी डोळे मिटले आणि श्वासावर लक्ष ठेवायला सुरुवात केली. थोड्याच वेळात छाती आवळल्यासारखी झाली, बोटांना मुंग्या आल्या, ओठ बधिर झाले. आता आपल्यालाही ॲटॅक येतोय असं वाटून त्या ओरडल्या. नर्स धावत आली, ईसीजी काढला, तो नीट निघाला. नंतर भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "तुमच्या त्या श्वासानंच मला जास्त घाबरवलं."

त्यांचं म्हणणं खरं होतं. घाबरलेलं शरीर आधीच छातीच्या वरच्या भागातून भराभर श्वास घेत असतं. त्यात काकू आणखी खोल श्वास ओढत राहिल्या. असं केल्यानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, आणि मुंग्या, गरगरणं, छातीतली ओढ हे सगळं त्यातूनच येतं. त्या जाणिवांची पुन्हा भीती वाटते, श्वास आणखी वाढतो. डोळे मिटलेले, म्हणजे लक्ष द्यायला धडधडणाऱ्या छातीशिवाय दुसरं काही उरत नाही.

अशा वेळी डोळे उघडे ठेवायचे. टाचा जमिनीवर दाबायच्या, बाकाची कड हातात धरायची, कानावर येणारे आवाज एकेक करून ओळखायचे: ट्रॉलीची चाकं, लिफ्टचं दार, कुणाच्या तरी चपला. श्वास आत येतो तसा येऊ द्यायचा, सोडताना मात्र लांबवायचा. चार आकड्यांत आत, सहा आकड्यांत बाहेर, शक्यतो नाकानं. श्वास सोडताना व्हेगस नर्व्हमुळे (मेंदूतून छाती-पोटाकडे जाणारी नस) हृदयाची गती किंचित उतरते. ही शरीराचीच व्यवस्था आहे, तिला श्रद्धा लागत नाही. (छातीत दुखत असेल तर मात्र आधी डॉक्टर, हे सगळं नंतर.)

पण त्या रात्री काकूंना हे आठवलं असतं का? नसतं. घाबरल्यावर नवीन काही सुचत नाही, अंगवळणी पडलेलं तेवढंच हाताशी येतं. रोज बसायचं ते यासाठी.

बसायचं कसं? खुर्ची चालेल. कंबर गुडघ्यांपेक्षा जरा वर हवी, नाहीतर पाठ वाकते आणि पाचव्या मिनिटाला कळ येते. खाली चादरीची घडी घ्या. पलंगावर आडवं होऊ नका, झोप लागते. फोनवर बारा मिनिटांचा अलार्म लावून नोटिफिकेशन बंद करा. नाकपुडीच्या कडेला हवा लागते तिथे लक्ष ठेवा. श्वास सोडताना एक, पुढचा सोडताना दोन, असं दहापर्यंत मोजा. आकडा हरवला की पुन्हा एकपासून. हरवला म्हणून बैठक फुकट गेली असं लोक समजतात आणि तिसऱ्या आठवड्यात सोडून देतात. हरवलं हे ध्यानात येऊन परत येणं, व्यायाम तोच आहे. मन रिकामं करायला कुणी सांगितलेलं नाही. बाहेर निगमची कचरागाडी गाणं वाजवत आली तर चिडू नका, ती वळून जाईपर्यंत नुसतं ऐका. आणि दिवसातून एकदा तरी, पलासियाच्या सिग्नलला किंवा साहेबांचा फोन उचलण्याआधी, एक श्वास लांब सोडून पाहा. सकाळची बैठक दिवसात उतरते ती अशा जागी.

"इतकं करून राग येतोच ना?" येतो. तो येणारच नाही असं मी म्हटलेलं नाही. 2014 साली ध्यानावरच्या 47 चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला गेला. त्यात चिंता आणि उदासीवर थोडा ते मध्यम फायदा दिसला, पण औषधं, व्यायाम वगैरे उपायांपेक्षा ध्यान सरस असल्याचा पुरावा मिळाला नाही. तुम्ही रोज नेहरू पार्कात फिरत असाल तर ते सोडून बसा असं मी सांगणार नाही. 2022 च्या एका अभ्यासात आठ आठवड्यांचा सजगतेच्या ध्यानाचा (माइंडफुलनेस) वर्ग चिंतेच्या आजारात एस्सिटालोप्रामच्या गोळीच्या तोडीस तोड ठरला. पण त्या लोकांना घरी रोज 45 मिनिटं बसायला सांगितलं होतं.

पूर्वी मी म्हणायचे, अर्ध्या तासाखाली काही उपयोग नाही. आता बारा मिनिटं सांगते, कारण तेवढी माणसं खरंच बसतात. तरी तो जुना आग्रह पुरता सुटलेला नाही. काकू पुन्हा येऊ लागल्या आहेत. डोळे उघडे ठेवूनच बसतात, आणि सध्या मी त्यांना मिटायला सांगत नाही.